नवरदेवाचा घसा

एका गावात हिरामण नावाचा एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून झाला नव्हता, लग्न पंधरवड्यावर होतं. आधीची दोन स्थळं त्याची अक्कल पाहून परत गेली होती. आता मंजुळाच्या वडिलांनी होकार दिला होता, त्यामुळे अक्षता पडेपर्यंत त्याची आई जीव मुठीत धरून होती.

अशात हिरामणचा घसा धरला. टॉन्सिलवर पांढरे ठिपके उठले. गावाने कारण लगेच सांगितलं. शेजारीण म्हणाली चिंचा, मामा म्हणाला नजर, पाटील म्हणाले बर्फाचा गोळा. घशात डोकावून मात्र एकानेही पाहिलं नाही.

आई म्हणाली, "मिठाचं पाणी तोंडात घे, खुळखुळव अन् थुंकून टाक."

"बरं," हिरामण म्हणाला.

मग तो डॉक्टर बोरशांकडे गेला. त्यांनी तापाची गोळी दिली. हिरामणने ती खुळखुळवली अन् थुंकून टाकली.

"अरे, थुंकायचं नसतं. तोंडात आलं की गिळायचं."

"बरं."

डॉक्टरांनी काडीला कापूस लावून ती घशात घातली. हिरामणने कापूस गिळला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे पांढरं विषाणूमुळे असेल, जिवाणूमुळे असेल, बुरशीचंही असेल. कारण कळल्याशिवाय औषध नाही. तोंडातलं पांढरं आधी बाहेर काढायचं, तपासायला पाठवायचं, अन् नाव, वय, त्रास सांगायचा. कळलं?"

"कळलं."

दुसरी काडी सुखरूप बाहेर आली. तपासणीत जिवाणू निघाले, नेमकं औषध मिळालं आणि लग्नाआधी घसा मोकळा झाला.

अक्षता पडल्या. आईचा जीव भांड्यात पडला.

पंगतीत मंजुळाने लाजत दहीभाताचा घास भरवला. हिरामणने तो बोटाने बाहेर काढला आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"मामा, तपासायला पाठवा. पांढरं आहे."

करवल्यांनी वेळ सावरली. "ते राहू द्या दाजी, आधी नाव घ्या नाव."

हिरामण उठून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"नाव हिरामण, वय सव्वीस, त्रास... मंजुळाचा घास."

यमक जुळलं होतं, म्हणून अर्ध्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. सासरे हातावरच्या भाताकडे बघत राहिले. जावई परत पाठवायची वेळ टळली होती. आता परत पाठवण्यासारखा तेवढा घासच उरला होता.