न थांबणारी अदलाबदल

खूप जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की तेव्हा बाजारात नाणी कमी आणि अदलाबदलच जास्त चाले. पायलीभर ज्वारी द्या, मडकं न्या! काय दिवस होते ते!

त्या काळी नदीकाठच्या एका विद्यापीठात एक शिष्य होता. लोक देवाणघेवाण का आणि कशी करतात, याच्या अभ्यासात त्याची सात वर्षं गेली होती. त्याच्या ग्रंथाचं सार एवढंच होतं: माणसांना मोकळेपणी अदलाबदल करू दिली, तर ती कधी ना कधी आपोआप थांबते. विद्वानांच्या सभेला हे पटलं, की त्याला आचार्यपदाची शाल मिळणार होती. गावी त्याची म्हातारी आई त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

सकाळी लिहायचं आणि दुपारी चिंचेखाली लहान मुलांना शिकवायचं, असा तिथला नेम. शिष्याला आधी तो जाच वाटे. पण मुलं मोठी गोड होती हो! पुढे म्हातारपणी त्याला सभा आठवत नसत, चिंचेखालच्या त्या दुपारी आठवत, आणि डोळे भरून येत.

सभेला एक दिवस उरला होता. शिष्य मुलांना म्हणाला, "शिदोऱ्या उघडा. ज्याला जे आवडतं, ते बदलून घ्या. कुणालाच बदलावंसं वाटेना, की थांबा."

काय गलका उडाला! भाकरी गेली, घावन आलं, लोणच्यावरून तर रुसवेफुगवे झाले. हळूहळू सारे गप्प बसून जेवू लागले. अगदी ग्रंथात लिहिल्यासारखं! शिष्य मनातून सुखावला.

पण ठकी आणि सगुणा या जिवाभावाच्या मैत्रिणींचं काही थांबेना. ठकी तिळाचा लाडू देऊन सगुणेची भाकरी घेई. लगेच सगुणा लाडू परत करून भाकरी मागे.

"अगं पोरींनो, कुणीतरी खाऊन टाका की तो एकदाचा!"

"गुरुजी, मला तो हिनं खाल्लेलाच आवडतो," ठकी म्हणाली.

"आणि मला हिनं," सगुणा म्हणाली. "मग थांबायचं कसं?"

शिष्य पोट धरून हसला. हसता हसता त्याचा चेहरा उतरला. जो तो आपल्याच पानात बघतो, असं तो सात वर्षं धरून चालला होता. दुसऱ्याच्या पानात बघून सुखावणारं माणूस त्याच्या ग्रंथात नव्हतंच!

तो धावतच आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला आणि सारं सांगितलं.

"सभेत हे कुणाच्या ध्यानात येईल?" आचार्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"मग?"

"मला कळलंय ना, आचार्य. आता तोंड मिटून शाल कशी घेऊ?"

दुसऱ्या दिवशी भर सभेत त्यानं आपली चूक स्वतःच सांगितली. शाल मिळाली नाही. आईला तसा निरोप धाडताना त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

दोन वर्षं खपून त्यानं दुसऱ्याच्या सुखात सुख मानणाऱ्या माणसांवर नवं प्रकरण लिहिलं. या वेळी शाल मिळाली, पण ती बघायला आई उरली नव्हती. ती खंत त्याला जन्मभर राहिली. खरं बोलल्याचा पश्चात्ताप मात्र एकदाही झाला नाही.

त्या एका प्रकरणासाठी दूरदूरच्या राज्यांतून विद्यार्थी त्याच्याकडे येऊ लागले. प्रत्येकाला तो आधी म्हणे, "जा, चार महिने पोरांना शिकवून ये."

यातून घ्यायचं ते एवढंच: शिकवताना सापडलेली आपली चूक जो लपवत नाही, त्याचीच विद्या खरी.