गप्प बसलेलं बटण

गाड्यांच्या रेडिओला अजून बटणं असत, तेव्हाची ही गोष्ट. दसऱ्याला चित्राताईंनी गाडीची पूजा केली आणि कौतुकाने रेडिओलाही ओलं कुंकू लावलं. त्यातलं थोडं आवाजाच्या बटणाच्या फटीत ओघळून वाळलं. बटण आतच रुतून बसलं आणि रेडिओच्या छोट्या पडद्यावर आवाजाचा एकच आकडा अडकून राहिला.

चित्राताईंनी फ्यूज काढून पाहिला. तो चांगला होता. मग त्या एकेक बटण दाबून बघू लागल्या.

पडदा थरथरत म्हणाला, "अरे बटणा, तू अडकलंयस हे त्यांना कळू दे ना! पुसून घेतील. नाहीतर मी भंगारात जाईन."

"आणि मलाच उपटून टाकलं तर?" बटण पुटपुटलं. बोट जवळ येताच त्याने जीव खाऊन वर उसळी मारली आणि बोट पुढे सरकताच ते पुन्हा आत रुतलं.

"बटणं तर ठीक आहेत. पडदाच गेलाय," म्हणत चित्राताईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. पडद्याचा आकडा भीतीने लुकलुकला. बटणाला हायसं वाटलं.

शेवटचा स्क्रू सुटला, तसा अख्खा रेडिओच खोबणीतून बाहेर आला, बटणासकट.