राखणदाराचे दगड

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आपल्या पणज्यांच्या पणज्याही तेव्हा जन्मल्या नव्हत्या. दोन डोंगरांमधल्या खडकाळ माळावर एक गाव होते.

त्या माळावर एकाच जातीची तांबडी ज्वारी उगवायची. बाहेरून आणलेले बी वीतभर वाढून वाळून जाई. म्हणून गाव आपले बी एका मोठ्या पेवात साठवी. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, आतून सारवलेले कोठार. त्याच्या तोंडावर दगडी शिळा असे आणि शिळेभोवती मातीचे लिंपण. पेवातले बी टिकले तर पेरणी, आणि पेरणी झाली तर भाकरी.

या पेवाला एक राखणदार असे. त्याचे काम कष्टाचे होते. दर दोन महिन्यांनी शिळा सरकवायची, बी वर काढायचे, त्याला ऊन दाखवायचे, राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून ते पुन्हा आत भरायचे आणि तोंड लिंपून टाकायचे.

राखणदाराने बी खाऊ नये म्हणून गावाने एक युक्ती काढली होती. नेमणुकीच्या दिवशी त्याला देवळापुढच्या तराजूत बसवत आणि दुसऱ्या पारड्यात दगड टाकत. त्याच्या भाराचे दगड भरले की ते देवळाच्या ओट्यावर रचून ठेवत. वर्षाने त्याच दगडांशी त्याला पुन्हा तोलत. दगडांपेक्षा जड भरला तर तो चोर, नाही भरला तर सच्चा. गावाला या युक्तीचा फार अभिमान होता. पाहुणा आला की त्याला पाण्याआधी दगड दाखवत.

एका वर्षी पेरणी उरकली, पुढच्या सालचे बी पेवात भरून लिंपले, आणि मग जुना राखणदार म्हातारपणाने थकला. पाटलांनी गाव गोळा केले. तेव्हा सगुणा नावाची एक बाई पुढे आली. पेवाला लागूनच तिचे घर होते. तिची आई अंगाने भरलेली होती, आजीही तशीच होती, आणि सगुणाही तशीच.

"पाटील, हे काम मला द्या," ती म्हणाली. "बी राखणं मी आईकडून शिकले आहे. माझ्या घरच्या कणगीत, त्या विणलेल्या कोठीत, बी तीन-तीन वर्षं टिकतं."

लोक हसू लागले.

"अगं, तुला तोलायला दगड आणायचे कुठून? डोंगर फोडावा लागेल!" एक जण म्हणाला.

"मांजराला दुधावर बसवायचं म्हणता?" दुसरा म्हणाला.

पाटील हसले नाहीत, पण त्यांनी मानही हलवली नाही. "सगुणे, राग मानू नकोस. जिला स्वतःचं तोंड आवरत नाही, तिच्या हाती गावाचं बी कसं द्यायचं?"

"माझं तोंड आवरत नाही, हे तुम्ही कधी पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? दिसतंच आहे की."

मग केरबा नावाच्या गड्याला नेमले. केरबा काडीसारखा बारीक. त्याच्याकडे पाहूनच लोकांना विश्वास वाटला. त्याच्या भाराला थोडेच दगड लागले, आणि ते ओट्यावर रचले गेले.

वर्ष सुरू झाले. गावात लग्न निघाले. पंगतीत केरबाने अर्धी पोळी खाल्ली आणि पान बाजूला सारले. "बघा, याला म्हणतात राखणदार!" लोक म्हणाले. सगुणाने दोन पोळ्या खाल्ल्या. शेजारच्या तिघींनीही दोन-दोनच खाल्ल्या होत्या, पण मोजल्या फक्त सगुणाच्या.

पावसाळा आला आणि गेला. एके सकाळी सगुणा पाटलांकडे आली.

"पाटील, पेवाकडून कुबट वास येतो आहे. आत ओल गेली असणार. आज कडक ऊन आहे. आजच शिळा काढा आणि बी वाळवा."

ओसरीवर बसलेली माणसे एकमेकांकडे बघून हसली. "धान्याचा वास बरोबर हिलाच आला!"

"वास मला येतो, कारण माझं घर तिथे आहे," सगुणा म्हणाली. "माझं ऐकू नका. पण तिथवर चला आणि स्वतःच्या नाकाने बघा."

कोणी उठले नाही. "केरबा दिवसेंदिवस वाळत चाललाय," पाटील म्हणाले. "पेवाला हात लावला असता तर अंगावर दिसलं असतं. वर्षअखेर तोलू, तेव्हा कळेल."

सगुणा घरी गेली. तिने आपल्या कणगीतले बी अंगणात पसरले, दिवसभर वाळवले, राख चोळून परत भरले. तिच्या हातात तेवढेच होते.

पेरणीला महिना राहिला तेव्हा तोलण्याचा दिवस आला. केरबाला पारड्यात बसवले, तर त्याचे पारडे सरळ वर गेले. दगडांपेक्षाही तो हलका भरला! हलगी वाजली. गळ्यात हार पडला. मग सारे वाजतगाजत पेवाकडे गेले. गावकऱ्यांनी लिंपण फोडून शिळा सरकवली.

आतून असा वास आला की हलगीवाला मागे सरला. वर काढलेल्या पहिल्या टोपलीत काळी बुरशी होती. दुसरीत निव्वळ भुसा, आणि भुशात किडे. खाली तळापर्यंत तेच. पेरण्याजोगा एक दाणाही निघाला नाही.

गर्दीतून आवाज आला, "सगुणाच्या घरात बघा!"

लोक धावले. तिच्या घरात कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती. आत टपोरी, तांबडी ज्वारी होती.

"सापडली चोरी!" लोक ओरडले. "हिला तराजूत घाला! मग गावाबाहेर काढा!"

सगुणा दारात उभी राहिली.

"घाला तराजूत. पण तोलणार कशाशी? केरबाचे दगड ओट्यावर आहेत. माझे कुठे आहेत? काल माझा भार किती होता, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे?"



"पेवाचं लिंपण आत्ता तुमच्या हातांनी फोडलंत. त्यावर वर्षाचं गवत उगवलं होतं. मग मी आत गेले कुठून? आणि एरवी तर म्हणता, मी दारातूनसुद्धा आडवी होऊन जाते. त्या पेवाच्या तोंडातून मावले बरी!"

एक म्हातारी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"हो, मी पोटभर जेवते. पोटभर काम करते आणि पोटभर जेवते. हे बी माझ्या शेतातलं आहे आणि माझ्या हातांनी राखलेलं आहे."

तेव्हा केरबाने गळ्यातला हार काढला आणि मटकन खाली बसला.

"तिचं खरं आहे," तो म्हणाला. "शिळा मी वर्षभर हलवलीच नाही. पहिल्या दिवसापासून मला त्या दगडांची भीती बसली. जरा अंग भरलं तर चोर ठरेन, म्हणून मी जेवण तोडलं. मग अंगात जोर राहिला नाही. शिळा सरकेना. मदतीला कोणाला बोलवावं, तर म्हणतील, पेव कशाला उघडतोस? मी एक दाणा खाल्ला नाही, पाटील. पण एक दाणा राखलाही नाही."

पाटलांनी मान खाली घातली. "वास आला म्हणून तू सांगायला आली होतीस," ते म्हणाले. "आम्ही बारा महिने राखणदार तोलत बसलो. पेवात डोकावलो नाही. चुकलो, सगुणाबाई."

"चुकलात," सगुणा म्हणाली. "बी देते मी. गाव माझंही आहे. पण तो तराजू पुन्हा माणसासाठी वापरायचा नाही."

सगुणाचे बी निम्म्या गावालाच पुरले. निम्मी शेते त्या वर्षी पडीक राहिली, आणि सगळ्या गावाने वर्षभर अर्धी भाकरी खाल्ली. ज्यांनी तिच्या पोळ्या मोजल्या होत्या, त्यांनाही ती अर्धीच मिळाली.

पुढच्या वर्षापासून पेव सगुणाने राखले. केरबा तिच्या हाताखाली काम करू लागला. तो पोटभर जेवू लागला, आणि एके दिवशी त्याने एकट्याने शिळा सरकवली. ओट्यावरचे दगड काढून पेवाभोवती पाणी अडवायला बांध घातला. त्या गावात आजही दर दोन महिन्यांनी पेव उघडतात, बी हातात घेऊन पाहतात, आणि राखणदार किती जेवला ते कोणी विचारत नाही.

बोध: माणसाच्या अंगावरून त्याची नियत कळत नाही, ती पाहायची तर त्याचे काम पाहावे.