कुडकुडवाडीच्या परीखिडक्या

ढगांना पाठ टेकून बसलेलं एक गाव होतं. त्याचं नाव कुडकुडवाडी. आता नावावरूनच तुम्हाला कळलं असेल की तिथे काय चालायचं. हिवाळा आला की कोंबडा आरवायला चोच उघडायचा आणि आधी नुसती वाफ बाहेर पडायची. गवतावरचं दव गोठून त्याचे इवले इवले पांढरे मणी व्हायचे. उन्हाची पहिली तिरीप आली की ते मणी गुलाबी, मग पिवळे, मग निळसर चमकायचे. दिसायला फार सुंदर, पण पाय ठेवला की डोक्यापर्यंत झिणझिण्या.

त्या गावात शेवंता नावाची एक चिमुरडी राहायची. सगळे तिला शेवू म्हणत. शेवूच्या नाकाचा शेंडा कायम लालचुटूक आणि तोंडात कायम एक प्रश्न. निखारा विझला की त्याचा लाल रंग जातो कुठे? मांजराला बरोबर उबदार कोपराच कसा सापडतो? तोंडातून निघालेली वाफ पुढे काय करते? भंडावून सोडायची अगदी. आई म्हणायची, अगं बाई, मध्ये श्वास तरी घे.

शेवूचे बाबा ती पाळण्यात असतानाच देवाघरी गेले होते. घरात मायलेकी दोघीच. आई लोकांच्या गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि मुंगीच्या पावलांएवढे टाके घालत जायचं. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा एक तुकडा ठेवून तो कोपरा शिवून टाकायचा, अशी तिथली रीत होती. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तिथली माणसं मानायची. गावात घरोघरी आईच्या गोधड्या होत्या. मायलेकींच्या अंगावर मात्र एकच होती, तीही विरलेली.

त्या वर्षी लाकूड फार महागलं. डोंगराखालून लाकडाची गाडी यायची, पण घाट निसरडा झाला आणि गाडीवाल्यानं भाव चढवला. शेवूच्या घरची शेगडी आधी दिवसातून दोनदा पेटायची, मग एकदा, मग तीही घटकाभर. थंडीनं आईची बोटं आखडून गेली. आणि नेमकं तेव्हाच पाटलीणकाकूंनी तिला एक मोठी गोधडी शिवायला दिली होती. संक्रांतीच्या आत ती पुरी झाली, तर बदल्यात गाडीभर लाकूड द्यायचं ठरलं होतं. गोधडी अर्ध्यावर आली आणि आईच्या बोटांत सुई टिकेना. शेगडी पेटल्याशिवाय बोटं चालत नव्हती आणि बोटं चालल्याशिवाय लाकूड येणार नव्हतं. आई शेवूकडे पाठ करून हात चोळत बसायची. शेवूला ते दिसायचं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. कुडकुडवाडीत प्रत्येक घराच्या दारावर वीतभर खिडकी असायची. तिला ना झडप, ना पडदा. धुराची वाट छपरात वेगळी होती, त्यामुळे ही खिडकी धुरासाठी नव्हतीच. तिला म्हणायचे परीखिडकी. फार फार पूर्वी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की एक दिवस परी येईल आणि घर उबदार करील, म्हणून तिची वाट उघडी ठेवायची. तेव्हापासून कडाक्याची थंडी पडली तरी परीखिडकी कुणी बुजवत नसे. परी कधी आली होती का, असं शेवूनं विचारलं होतं. तेव्हा सगळ्यांनी तिला गप्प बसवलं होतं.

एके दिवशी सकाळी शेवू काटक्या वेचायला गावाबाहेरच्या जुन्या बागेत गेली. ओढणीत तिनं अर्धी भाकरी बांधून घेतली होती. बागेत सगळी झाडं उघडीबोडकी होती. पण एका कोपऱ्यात, आश्चर्य बघा, शेवंतीचं एक झुडूप पिवळ्याधमक फुलांनी डवरलेलं. त्याच्या बुडाशी गवत हिरवंगार होतं आणि दव मुळीच गोठलेलं नव्हतं. शेवूचं कुतूहल चाळवलं. इथेच का बरं, असं म्हणत तिनं पानं बाजूला केली.

आत एक परी बसली होती.

करंगळीएवढी उंची. मधाच्या रंगाचे पंख, केशरी झगुला, केसांत सोन्याची बारीक बारीक चमचम. तिच्या अंगातून निरांजनासारखा मऊ उजेड येत होता. आणि तरीही ती थरथर कापत होती. दातावर दात वाजत होते बिचारीचे.

शेवूनं जास्त विचार केला नाही. आईच्या शिवणातली एक लाल चिंधी तिच्या खिशात होती, ती परीच्या खांद्यांवर पांघरली. भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढे ठेवला. परीनं तो दोन्ही हातांनी धरून कुरतडला. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मला थंडी वाजत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन, शेवू. पण माझे नियम आहेत. पहिली इच्छा परत करता येईल, दुसरी नाही. आणि तू विचारशील तेवढंच मी सांगेन."

शेवू कधी नव्हे ते विचारायचंच विसरली. तिच्या डोळ्यांपुढे आईची आखडलेली बोटं होती. आमची शेगडी दिवसभर धगधगू दे, असं तिनं मागितलं. परीनं पंख झटकले. केशरी कणांचा एक भुरका उडाला आणि गावाकडे निघून गेला.

शेवू धावत घरी आली तर घर कसं ऊबच ऊब! शेगडीत निखारे फुलले होते, आईचे गाल गुलाबी झाले होते, सुई भराभर चालली होती. आई चक्क गुणगुणत होती. शेवूनं निखाऱ्यांवर हात धरले. आणि मग तिचा स्वभाव जागा झाला. एवढी ऊब आली कुठून? काल तर नव्हती.

ती बाहेर आली. शेजारी सखाकाका कुंभार एकटेच राहायचे. ते अंगणात जाळापुढे बसलेले तिला दिसले. मांडीवर त्यांचं नुकतंच जन्मलेलं करडू होतं आणि ते लटलट कापत होतं. जाळ चांगला उंच होता, लाल पिवळ्या जिभा नाचत होत्या. पण सखाकाका वेड्यासारखे त्यावर हात फिरवत होते.

ते म्हणाले, "पोरी, जाळ हाय, पण ऊबच न्हाई. माझ्या उभ्या जन्मात असं बघितलं न्हाई. हे लेकरू काय रात्र काढत न्हाई बघ."

शेवूनं जाळाजवळ हात नेला. नुसता रंग. ऊब कुठेच नाही. आपल्या शेगडीत आलेली ऊब कुणाची, ते तिला न सांगता कळलं.

आली तशी ती बागेत पळाली. धापा टाकत तिनं परीला सांगितलं की माझी इच्छा परत घे, आत्ताच्या आत्ता. परी म्हणाली की मला नवी ऊब करता येत नाही, इकडची उचलून तिकडे ठेवता येते, एवढंच. मग आधी का नाही सांगितलंस, असं शेवूनं रागानंच विचारलं. तू विचारलं नाहीस, परी म्हणाली. पण तिचाही चेहरा पडला होता. तिनं पंख झटकले. तिकडे करडाचं कापणं थांबलं असणार आणि इकडे आईची सुईही थांबली असणार. शेवूला रडू आलं. आईसाठी मागितलेली ऊब तिनं स्वतःच्या हातानं परत केली होती.

आता एकच इच्छा उरली होती. शेवूनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि झुडपाशेजारी मांडी घालून बसली. खूप वेळ विचार केला. मग तिनं विचारलं, "जगात अशी ऊब आहे का, जी कुणाच्याच कामाची नाही? नुसती वाया जाते? मला ती बघायची आहे. हीच माझी दुसरी इच्छा."

परी पुढे सरकली. मग तिनं शेवूच्या पापण्यांवर एक एक बोट टेकवलं. दिवस मावळेपर्यंत तुला ऊब दिसेल, एवढंच म्हणाली.

शेवूनं डोळे उघडले आणि बघतच राहिली. ऊब सोनेरी धाग्यांसारखी दिसत होती! चिमणीच्या पोटाखाली सोन्याची छोटीशी गुंडी. गाईभोवती तांबूस झालर. धुण्याच्या गरम पाण्यावर रुपेरी जर. आणि गाव? गावातल्या प्रत्येक घराच्या परीखिडकीतून सोनेरी धाग्यांचा जाडच्या जाड झुपका बाहेर पडत होता. लाकूड जळत होतं, माणसं हात चोळत होती आणि ऊब आपली दारावरून पसार होत होती.

पण जाते कुठे? शेवू धाग्यांच्या मागे मागे चालू लागली. पाटलीणकाकूंच्या घरचे धागे, सखाकाकांचे धागे, तिच्या स्वतःच्या घरातला बारकासा एकच धागा, सगळे कुंपणावरून, ओढ्यावरून बागेत शिरले. शेवंतीच्या झुडपात गेले. आणि परीच्या मधाळ पंखांत विरून गेले.

"म्हणजे तू…" शेवूनं परीच्या पंखांकडे बोट केलं.

"मी तुमचीच ऊब आहे," परी म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या आणि त्यातूनच थोडी थोडी मी बाहेर पडत राहिले. घराबाहेरच्या उबेला थंडी वाजणारच ना गं. मला घरी जायचंय, शेवू. खिडक्या बुजव. पण जबरदस्तीनं कुणाची बुजवायची नाही. आणि सगळ्यांत शेवटची बुजवायची ती आतून."

"मग तू मला पुन्हा दिसणार नाहीस?"

परी नाही म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

शेवूला मैत्रीण अशी नव्हतीच, आणि आज मिळाली तर ती ही अशी. जड पावलांनी ती घरी आली आणि आईला सगळं सांगितलं. आईनं तिला जवळ घेतलं, चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि आखडलेल्या बोटांनी तळहाताएवढी गोधडी शिवायला घेतली. शेवूनं तिच्या कोपऱ्यात भाकरीचा कण ठेवला. ती पहिली गोधडी मायलेकींनी सखाकाकांच्या परीखिडकीत बसवली. थोड्याच वेळात घरात आणलेलं करडू उठलं आणि टुणटुण उड्या मारू लागलं.

मग काय, गावभर बातमी. कुणी हसलं, कुणी तोंडात बोट घातलं. पाटलीणकाकू तर बिथरल्याच. परी रुसली म्हणजे, असं त्या म्हणाल्या. शेवूनं वाद घातला नाही. स्टुलावर चढवून त्यांना त्यांच्याच खिडकीत हात धरायला लावला. हातावरून ऊब भुरुभुरु बाहेर चाललेली काकूंना कळली. त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या की माझ्या खिडकीसाठी जांभळी शिवा.

आता ज्याला त्याला हवी. बायका आपापल्या घरून चिंध्या आणि येताना चार चार लाकडं घेऊन आल्या. आईच्या घरी सगळ्या एका शेगडीभोवती शिवायला बसल्या. लाल, हिरव्या, मोरपिशी चिमुकल्या गोधड्या खिडक्यांतून बसत गेल्या. गप्पांनी आणि निखाऱ्यांनी आईची बोटं मोकळी झाली आणि मधल्या वेळात सगळ्यांनी मिळून मोठ्या गोधडीलाही टाके घातले. ती पुरी झाली, संक्रांतीच्या आधी. गाडीभर लाकूड दारात आलं, आणि खिडक्या बुजल्यामुळे ते आता हिवाळाभर पुरणार होतं.

शेवू रोज बागेत जायची. परी रोज थोडी लहान झालेली असायची. करंगळीची शेंगदाण्याएवढी, शेंगदाण्याची मोहरीएवढी. पण तिचं थरथरणं कमी होत चाललं होतं. शेवटी एकच परीखिडकी उघडी राहिली, शेवूच्या घरची. ती काही शेवूच्यानं बुजवेना. आईनंही घाई केली नाही.

संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी मायलेकी शेगडीशी बसल्या होत्या. शेवू हातात शेवटची गोधडी घेऊन खिडकीकडे बघत होती. एवढ्यात खिडकीत मोहरीएवढा उजेड चमकला. परी आली होती. लाल चिंधीचा एक धागा तिनं अंगाभोवती गुंडाळला होता. खिडकीच्या काठावर ती क्षणभर थांबली, आत यायच्या परवानगीची वाट बघत असल्यासारखी.

"ये ना," शेवू म्हणाली. "तुझंच घर आहे."

परी आत आली. किती वर्षांनी, परीखिडकीतून परी आत आली. शेवूनं डोळे मिटून तिच्या मागे गोधडी बसवली, आतून. आणि घरभर उजेड फुटला. केशरी, सोनेरी, गुलाबी. भांडी झळाळली, आईच्या केसांवर चमचम सांडली, सुईसुद्धा ठिणगीसारखी लखलखली. मग उजेड हळूहळू मऊ होत भिंतींत, पांघरुणात, दोघींच्या हातांत मुरून गेला.

परी कुठेच नव्हती. शेवूनं आपले तळहात गालांना लावले. ते उबदार होते. तिनं ते आईच्या बोटांवर ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. त्या संध्याकाळी तिनं एकही प्रश्न विचारला नाही.