ओढ्याने दाखवलेली हिरवळ

मंडळी, माणसं शिसं वितळवायला नुकती शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. भट्टीची राख वाहून आणणाऱ्या एका ओढ्याकाठी मोहरी उभी होती. पाण्यातलं शिसं ती मुळांतच अडवायची. त्यातूनही जे वर चढे, ते खालच्या जुन्या पानांत कोंडायची आणि ती पानं गुपचूप गाळायची. शेंगांपर्यंत विष पोचू नये, एवढीच तिची धडपड.

एके दुपारी तहानलेली म्हैस रेडकाला घेऊन आली. पाण्यावरची करडी साय बघून ती थबकली.

"प्या की म्हैसबाई!" ओढा म्हणाला. "शंका वाटत असेल तर मोहरीकडे बघा. माझंच पाणी पिते, कशी टवटवीत आहे!"

आपला माल कसा आहे विचारलं की शेजारचं दुकान दाखवणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिलेत. हा त्यांच्यातलाच.

रेडकानं तोंड खाली घातलं, तशी मोहरी कडाडली, "थांब रे बाळा! म्हैसबाई, माझा शेंडा नका बघू, बुंध्याशी बघा."

तिथं वाळक्या पानांचा खच पडला होता.

"ही माझीच पानं. ती मेली म्हणून वरची हिरवी राहिली. तुमच्या लेकराकडे गाळायला काय आहे?"

म्हैस रेडकाला ढुशी देत वरच्या झऱ्याकडे निघाली.

"उगवल्यापासून तुला पाजलं, त्याचे हे पांग फेडलेस?" ओढा फणफणला.

"पाजलंस ते मी सोसलं. पण माझं सोसणं दाखवून दुसऱ्याच्या लेकराला पाजशील, तर खबरदार!"

आणि पुढचं पिवळं पान मोहरीनं त्याच्या डोळ्यांदेखत गाळलं.