पोपटाचा झोका

एकदा एक पोपट मेला आणि त्याच्या मरणाचा दोष भलत्याच माणसाच्या माथी बसला.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्यापाशी शिकणाऱ्यांत गोदावरी नावाची शिष्या होती आणि स्वयंपाकघर तिच्याकडे होते. पंख मोडलेला एक पोपट तिने हातावर दाणे भरवून जगवला होता. तो खिडकीतल्या लाकडी झोक्यावर बसे आणि कुकरची शिट्टी झाली रे झाली की घर डोक्यावर घेई.

गावातला भांड्यांचा व्यापारी आचार्यांचा भक्त. एके दिवशी तो नवाकोरा नॉनस्टिक तवा घेऊन आला.

"गोदाताई, लोखंडाशी झटापट पुरे झाली. थालीपीठ नुसतं घसरत ताटात येतं बघा!"

"जास्त तापला तर काही होत नाही ना?" गोदावरीने विचारले.

"कितीही तापवा हो! काही म्हणता काही होत नाही."

आता नवा तवा घरात आला की आपल्याकडे काय करतात? आधी मोठ्या आचेवर रिकामाच चांगला भाजून घेतात, मग तेल चोळून त्यावर कांदा फिरवतात. गोदावरीच्या आईने लोखंडी तव्याला हेच केले होते, आजीनेही हेच. तिनेही तेच केले. वाऱ्याने आच हलू नये म्हणून खिडकी लावून घेतली, तवा शेगडीवर चढवला आणि ती परसात कांदे आणायला गेली. तिथे आणखी दोन कामे निघाली. परतली तेव्हा घरात उग्र वास कोंदला होता. तिला खोकल्याची उबळ आली. झोक्याखाली पोपट पडला होता. त्याला छातीशी धरून ती अंगणात धावली, पण उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी भेटायला आला आणि हळहळला. "अरेरे! पक्ष्याची जात नाजूक हो. पण ताई, तुमचंही जरा दुर्लक्षच झालं म्हणायचं."

गोदावरीने मान खाली घातली. आदल्या दिवसापासून ती स्वतःला हेच ऐकवत होती.

आचार्यांनी आदल्या रात्री गोदावरीकडून सगळे ऐकले होते. त्यांनी व्यापाऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवले. तोच तवा, तसाच रिकामा, शेगडीवर ठेवला. आच मोठी केली आणि खिडकी लावून घेतली. गोदावरी थिजून पाहत राहिली. ज्या तव्याने जीव घेतला तो पुन्हा आचेवर? आचार्यांना झाले तरी काय?

व्यापाऱ्याची चुळबुळ सुरू झाली. "आचार्य, त्यात काही घाला तरी."

"कशाला? कितीही तापवा, असं तुम्हीच सांगितलंत."

"अहो, तसं नव्हे... आधी तो गॅस बंद करा! खिडकी उघडा! रिकामा तवा असा तापवायचा नसतो, वरचा लेप जळतो आणि धूर बाधतो त्याचा. आमच्या सूनबाईला मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलंय!"

बोलून गेला आणि त्याच्याच लक्षात आले.

आचार्यांनी गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली. मग त्यांचा जो आवाज चढला, तो गोदावरीने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"सुनेला बजावलंत! मग हिला का नाही? हिने तर तोंड उघडून विचारलं होतं. घरच्या माणसाला खरं सांगायचं आणि गिऱ्हाइकाला गोड, ही कुठली रीत? अहो, तव्याचा काय दोष? बेताच्या आचेवर, वर काही घालून, खिडकी उघडी ठेवून वापरला तर तो निमूट काम करतो. उलथनं लाकडी असावं, लेप उडू लागला की तवा बदलावा. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण ऐकून गिऱ्हाईक बिचकलं तर? म्हणून गिळून टाकलंत. आणि वर दुर्लक्ष हिचं? लाज वाटायला हवी तुम्हाला! गोदे, मान वर कर. तू न विचारता चुकली असतीस तर गोष्ट वेगळी. विचारणाऱ्याला जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर पुढची चूक सांगणाऱ्याची असते."

गोदावरी तेव्हा कुठे मोकळेपणी रडली. व्यापारी पाटावरून उठला नाही. त्याने खालच्या आवाजात विचारले, "मी आता काय करू?"

आचार्यांनी खिडकीतला रिकामा झोका सोडवून त्याच्या हातात दिला. "दुकानात टांगा. तव्यांच्या बरोबर वर."

पुढे एकदा गोदावरी चाळणी आणायला बाजारात गेली. व्यापाऱ्याच्या दुकानात एक नवी नवरी तवा उलटासुलटा करून पाहत होती.

"काका, जास्त तापला तर काही होत नाही ना?"

सवयीने व्यापाऱ्याचे तोंड उघडले. मग त्याची नजर वर गेली. पंख्याच्या वाऱ्याने झोका हलत होता.

"होतं, पोरी," त्याने स्टूल पुढे सरकवले. "बस. सगळं सांगतो."