बिनफळाची टेंभुर्णी

खैरटोलीत कुठल्याही घराच्या मागे जा. परसात सहा-सात टेंभुर्ण्या दिसतील आणि त्यातली एक बिनफळाची असेल. तिच्या बुंध्याला हळद लावलेली असते. बाहेरची माणसं हसतात. फळ देत नाही तिला पाणी कशाला, हळद कशाला, असं विचारतात. झाडाला फळ कसं धरतं ते माहीत नसतं, पण हसायची घाई असते. आलाच आहात तर बसा आणि नीट ऐका.

टेंभुर्णी रानात आपोआप येते. पूर्वी तिला घरी कोणी लावत नसे. परसात ती पहिल्यांदा कौतिकाने लावली, असे सांगतात. कौतिका म्हणजे डोमाजीची बायको, पैकूबाईची सून. तिने सात बिया पुरल्या, सातही उगवल्या. रानातली टेंभुर्णी झुडपासारखी पसरते. कौतिकाने प्रत्येकीचा एकच सरळ फुटवा राखला, बाकीचे काढले. ज्येष्ठात फळं उतरली की ती कोयता घेऊन वर चढे, आतल्या गुंतलेल्या फांद्या काढी आणि शेंड्यांना हात लावत नसे, कारण फळ शेंड्याकडच्या कोवळ्या फांदीला येतं. बाकीचे लोक कुठल्याही झाडाचे आधी शेंडेच छाटत, झाड गोल करत आणि मग फळ नाही म्हणून त्यालाच शिव्या देत. अजूनही करतात.

आठव्या वर्षी सहा झाडं फळांनी पिवळी झाली. रानातल्यापेक्षा दुप्पट मोठं फळ, जिभेला तुरटपणा नाही, म्हणे. वैशाखात घरात काही नसलं की अख्खी टोली तीच फळं खाऊन दिवस काढी. सातवं झाड विहिरीजवळ होतं. त्याला बारीक फुलांचे झुबके येत, खाली खच पडे, पण फळ एक नाही.

कौतिकालाही मूल नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

पैकूबाईच्या तोंडाला धरबंद नव्हता. ती म्हणायची, "दोघी बहिणी शोभता वो. एक पाणी पिते, एक भाकर खाते."

"आत्याबाई, माशा पहिले ह्याच्यावर बसतात, मग बाकीच्या झाडांवर जातात," कौतिका म्हणाली. "काहीतरी नेत असतील. असू द्या ते झाड."

"माशा तुले सांगून गेल्या काय?"

पुढे डोमाजीचं दुसरं लग्न ठरलं. नवी सून उंबरठ्यात यायच्या आधी परसातली वांझ सावली गेली पाहिजे, असं पैकूबाईने धरून ठेवलं. कौतिका रडली नाही. "सवत आणा, मी काही बोलत नाही. पण झाड तोडू नका," एवढंच तिने मागितलं. डोमाजीने स्वतः कुऱ्हाड चालवली. लग्नाच्या पंगतीचा भात त्याच लाकडावर शिजला. पंगत उठायच्या आधी कौतिका आपला कोयता घेऊन निघून गेली. तिला थांबवायला कोणी गेलं नाही. पंगत सोडून कोण जाणार?

दुसऱ्या वर्षी सहा झाडं फुलली आणि फूल वाळून गळलं. तिसऱ्या वर्षी तेच. रान दरसाल विडीच्या पानांसाठी छाटलेलं, तिथंही फुलायला झाड उरत नसे. तोडलेलं झाड नर होतं, त्याच्या फुलातला पराग माशा आता कुठून आणणार? डोमाजीच्या दुसरीला मूल झालं नाही. मग तिसरी केली, तिलाही नाही. दोष कुठे होता ते गावाला तेव्हा कळलं. कळलं, पण बोललं कोणी नाही. डोमाजी पंगतीत पहिल्यासारखाच वरच्या अंगाला बसत राहिला.

शेवटी पैकूबाई आठ कोस चालत गेली. कौतिकाने पाट लावून दुसरा नवरा केला होता. कडेवर मूल होतं, दुसरं पायाशी खेळत होतं. म्हातारी मुलांकडे बघत अंगणातच उभी राहिली. कौतिकाने तिला पाणी दिलं, बस म्हटलं नाही.

"झाडाचं काय करू, तेवढं सांग," म्हातारी म्हणाली.

"खोडाले फुटवे येत असतील ना?"

"येतात. दर साली मीच कापून टाकते."

"मग मले काय विचारता? कापू नका."

म्हातारी परत आली. एक फुटवा राखला. तो फुलेपर्यंत त्याला आपल्याच हाताने पाणी घालीन, असा तिने नेम धरला. सुनेला सणावारी लावायची राहिलेली हळद ती त्या खोडाला लावत असे, म्हणे. शेळ्या येऊ नयेत म्हणून दिवसभर काठी घेऊन तिथं बसे. सहाव्या वर्षी मेली. सातव्या वर्षी फुटवा फुलला आणि सहाही झाडांना फळ धरलं. कौतिका ते बघायला आली नाही. कशाला येईल?

आजही खैरटोलीत बिनफळाच्या टेंभुर्णीला कोणी कोयता लावत नाही. ज्येष्ठात छाटणीच्या आधी सासू तिला पाणी घालते आणि सून हळद लावते. गाव झाडापुरतं शिकलं. गेल्या वैशाखात शेवटच्या घरातली सून माहेरी पाठवली. सहा वर्षं मूल नाही म्हणून. नवऱ्याला तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. यंदा त्या घरच्या झाडाला हळद सासूनेच लावली.